आधी पुरावा, मग माणूस : आर्थर कॉनन डॉईल
(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी पावसाळ्यातली गोष्ट. बारामतीच्या एस.टी. स्थानकावर मी इंदापूरच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. इंग्रजीच्या सरांनी ग्रंथालयातून काढून दिलेले शेरलॉक होम्सच्या कथांचे मराठी भाषांतर हातात होते. आधी कथा मराठीत वाचावी आणि मग तीच इंग्रजीत वाचावी, म्हणजे भाषेची भीती जाते, असे सरांनी सांगितले होते. गाडी आली, बसायला जागाही मिळाली. भवानीनगर गेले, लासुर्णे गेले. आणि आपले उतरण्याचे ठिकाण मागे पडले हे मला थेट निमगाव केतकी आल्यावर कळले. तेथून वस्तीवर परत यायला रात्र झाली. पण त्या रात्री मला त्याचे वाईट वाटले नाही.

ती कथा होती 'स्पेकल्ड बँड', म्हणजे ठिपक्यांची पट्टी. एका जुन्या वाड्यात एका तरुणीचा बंद खोलीत गूढ मृत्यू होतो. मरताना ती कसल्यातरी ठिपक्यांच्या पट्टीविषयी बोलते. वाड्याच्या आवारात जिप्सी लोकांची पाले पडलेली असतात आणि ते लोक डोक्याला ठिपक्यांचे रुमाल बांधतात. साहजिकच संशय त्यांच्यावर जातो. खुद्द शेरलॉक होम्सही त्यांच्यामुळे प्रथम चुकीच्या वाटेने जातो आणि शेवटी तसे मोकळेपणाने कबूल करतो. कथेचा शेवट मी सांगणार नाही. एवढेच सांगतो की, पालातल्या माणसांचा त्यात काही दोष नव्हता.

मी फासेपारधी समाजातला आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. माझ्या आजीचे निम्मे आयुष्य पालात गेले. गावात काही चोरीला गेले की आधी पालाकडे बोट दाखवायचे, ही रीत आम्हाला नवी नाही. परंतु सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सातासमुद्रापलीकडच्या एका लेखकाने हीच रीत कथेत मांडावी आणि ती चूक आहे असे दाखवावे, याचे मला फार नवल वाटले. हा लेखक कोण, कसा जगला, हे शोधावेसे वाटले. वर्षभरात जे वाचले ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

आर्थर कॉनन डॉईल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात झाला. घराणे मूळचे आयर्लंडचे, कॅथलिक पंथाचे. वडील चार्ल्स सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला होते. चित्रकलेचा हात चांगला, पण दारूच्या व्यसनाने त्यांचे आयुष्य नासले आणि अखेरची वर्षे त्यांना मनोरुग्णालयात काढावी लागली. घरात भावंडे पुष्कळ आणि पैसा थोडा. आई मेरी मात्र मोठी जिद्दीची आणि गोष्टी सांगण्यात तरबेज होती. सुस्थितीतल्या नातलगांनी खर्च उचलला म्हणून आर्थर यांना चांगल्या शाळेत शिकता आले. १८७६ साली ते एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाले.

तेथे त्यांना डॉ. जोसेफ बेल हे गुरू लाभले. रोगी आत येताच त्याची चाल, हात, कपडे, बुटांना लागलेला चिखल यांवरून तो कोठून आला, काय काम करतो, हे डॉ. बेल विद्यार्थ्यांना सांगत. विद्यार्थी चकित होत. पण त्यात जादू नव्हती, पाहण्याची सवय होती. आर्थर काही काळ बेल यांच्या हाताखाली बाह्यरुग्ण विभागात काम करीत होते. पुढे होम्स निर्माण झाला तो याच गुरूच्या आठवणीतून.

हे वाचताना मला माझे वडील आठवले. पूर्वी आमची माणसे तितर-ससे धरून पोट भरीत. आता शिकार कायद्याने बंद आहे, आणि ते योग्यच आहे. पण माग वाचण्याची नजर वडिलांजवळ अजून आहे. ओल्या मातीवरचे पाऊल पाहून जनावर केव्हा गेले, दमलेले होते की घाबरलेले, हे ते सांगतात. होम्स जमिनीवर पालथा पडून पावलांचे ठसे पाहतो, हे वाचून वर्गातले मित्र हसले. मला मात्र त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही.

शिक्षण चालू असतानाच, १८८० साली, डॉईल देवमाशांची शिकार करणाऱ्या एका जहाजावर डॉक्टर म्हणून उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जाऊन आले. पदवी घेतल्यावर पश्चिम आफ्रिकेची एक सफर झाली. १८८२ साली पोर्ट्समथजवळच्या साउथसी येथे त्यांनी दवाखाना उघडला. जवळ दहा पौंडसुद्धा नव्हते. रोगी फारसे येत नसत. मग रोग्यांची वाट पाहता पाहता ते गोष्टी लिहीत. १८८५ साली लुईझा हॉकिन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

याच काळात त्यांनी होम्सची पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' लिहिली. ती काही प्रकाशकांनी परत केली. शेवटी एका प्रकाशकाने सर्व हक्कांसह अवघ्या २५ पौंडांना ती विकत घेतली आणि १८८७ साली एका नाताळ वार्षिकात छापली. मित्रांनो, जगातला सर्वांत प्रसिद्ध गुप्तहेर वाचकांपुढे प्रथम आला तो एका वार्षिक अंकातून. आपल्या वार्षिकात लिहिणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे!

या कादंबरीचा आपल्या मुंबईशीही संबंध आहे. होम्सचा सोबती डॉ. वॉटसन हा लष्करी डॉक्टर. तो विलायतेहून प्रथम मुंबई बंदरात उतरतो, तेथून अफगाणिस्तानात जातो आणि मैवंदच्या लढाईत जखमी होतो. ही लढाई खरी आहे. २७ जुलै १८८० रोजी झालेल्या या लढाईत इंग्रजांचा पराभव झाला आणि तेथे लढलेल्या पलटणींत मुंबई लष्कराच्या देशी पलटणीही होत्या.

गुप्तहेरकथेची सुरुवात मात्र डॉईल यांनी केली नाही. हा मान अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो यांचा. १८४१ साली त्यांनी पॅरिसमधील रू मॉर्ग या रस्त्यावरच्या खुनांची कथा लिहिली आणि द्युपाँ हा तर्काने उलगडा करणारा नायक उभा केला. पण द्युपाँच्या कथा तीनच. डॉईल यांनी या रोपाचा वृक्ष केला. १८९१ साली ते नेत्रचिकित्सेचा अभ्यास करून लंडनला आले. येथेही रोगी येईनात. त्याच वर्षी 'स्ट्रँड' हे नवे मासिक निघाले होते. डॉईल यांनी विचार केला की, मासिकातली क्रमशः कादंबरी एक अंक चुकला की वाचकाच्या हातून निसटते. त्याऐवजी नायक तोच ठेवून दर महिन्याला एक संपूर्ण कथा दिली तर? जुलै १८९१ मध्ये अशी पहिली कथा आली आणि मासिकाचा खप वाढला. डॉईल यांनी डॉक्टरी सोडून दिली.

या कथांची बांधणी समजून घेण्यासारखी आहे. बेकर स्ट्रीटवरच्या खोलीत कोणी अडचणीत सापडलेला माणूस येतो. तो आपली हकीकत सांगतो. मग होम्स आणि वॉटसन प्रत्यक्ष जागेवर जातात. वॉटसनला जे दिसते ते सारे आपल्यालाही दिसते. परंतु त्याचा अर्थ एकट्या होम्सला कळतो. शेवटी तो एकेक दुवा जोडून दाखवतो, तेव्हा आपण कपाळावर हात मारतो, कारण सर्व काही आपल्या डोळ्यांसमोरच असते. लेखकाने काही लपवलेले नसते, आपणच नीट पाहिलेले नसते.

प्रथम वाचणाऱ्यांनी तीन कथांपासून आरंभ करावा असे मी सुचवीन. तांबड्या केसांच्या माणसांच्या संघाची कथा, 'रेड हेडेड लीग', ही विनोदी वाटते. पण एवढ्या सोप्या कामाला एवढा पगार कोणी का देईल, हा प्रश्न वाचकाने सोडता कामा नये. दुसरी 'स्पेकल्ड बँड'. तिसरी 'सिल्व्हर ब्लेझ'. तीत शर्यतीचा घोडा रात्री नाहीसा होतो आणि तबेल्यातला कुत्रा भुंकत नाही. न घडलेली गोष्टही पुरावा ठरू शकते, हे या कथेत शिकायला मिळते. माझे वडील रात्री शेताची राखण करतात. त्यांना मी एवढे सांगताच त्यांनी पुढचे ताबडतोब ओळखले!

होम्सची कीर्ती वाढली तसा डॉईल यांना त्याचा कंटाळा आला. आपण ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी ओळखले जावे असे त्यांना वाटे. म्हणून डिसेंबर १८९३ च्या कथेत त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाख धबधब्यात नाहीसे केले. वाचक खवळले, अनेकांनी मासिकाची वर्गणी बंद केली. पुढे 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी आली आणि १९०३ साली होम्स जिवंत असल्याचे लेखकाला जाहीर करावे लागले. शेवटची कथा १९२७ साली प्रसिद्ध झाली. एकूण चार कादंबऱ्या आणि ५६ लघुकथा. दरम्यान, बोअर युद्धात १९०० साली दक्षिण आफ्रिकेतील एका लष्करी रुग्णालयात त्यांनी काम केले आणि १९०२ साली त्यांना 'सर' हा किताब मिळाला.

येथपर्यंतचे चरित्र एका यशस्वी लेखकाचे आहे. मला त्यांचे मोठेपण दिसले ते पुढच्या प्रकरणात.

मुंबईचे एक पारशी गृहस्थ शापूरजी एदलजी यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. ते इंग्लंडला गेले, तेथील स्त्रीशी विवाह केला आणि १८७६ पासून स्टॅफर्डशायर परगण्यातील ग्रेट वायर्ली या खेड्यात धर्मोपदेशक झाले. काळ्या वर्णाचा परदेशी माणूस गावचा धर्मोपदेशक असावा हे काहींना खपत नव्हते. घरी निनावी पत्रे येत, खोडसाळपणा चाले. त्यांचा मुलगा जॉर्ज शिकून बर्मिंगहॅममध्ये वकील झाला. सामान्य प्रवाशांसाठी त्याने रेल्वेच्या कायद्यावर छोटे पुस्तकही लिहिले होते. १९०३ साली त्या भागात रात्रीच्या वेळी कोणीतरी घोडे आणि गुरे यांची पोटे फाडू लागले. पोलिसांनी जॉर्जला पकडले. तो रात्री वडिलांच्याच खोलीत, दाराला कुलूप लावून झोपत असे, ही वडिलांची साक्ष कोणी मानली नाही. तो कैदेत असतानाही असे प्रकार थांबले नाहीत, याचाही विचार झाला नाही. त्याला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. हजारो लोकांनी अर्जावर सह्या केल्या. तीन वर्षांनी, १९०६ साली, काहीही कारण न सांगता त्याला सोडून देण्यात आले. पण सुटका झाली तरी डाग गेला नव्हता. वकिली बंद झाली होती. त्याने डॉईल यांना आपली हकीकत कळवली.

डॉईल त्या वर्षी दुःखात होते. पत्नी लुईझा दीर्घ आजारानंतर जुलै १९०६ मध्ये वारली होती. तरी ते या कामाला लागले. एका हॉटेलात जॉर्जची भेट ठरली. डॉईल यांना थोडा उशीर झाला. दुरून पाहतात तो हा तरुण वर्तमानपत्र डोळ्यांना जवळजवळ टेकवून, तिरके धरून वाचीत बसलेला. डॉईल नेत्रचिकित्सा शिकलेले. ज्याला हातभर अंतरावरचे नीट दिसत नाही तो काळोख्या पावसाळी रात्री रेल्वेचे रूळ, कुंपणे आणि शेते ओलांडून जनावराला गाठील कसा? येथून त्यांनी सुरुवात केली. ते स्वतः त्या गावी गेले आणि ती वाट पायी चालून पाहिली. कोटावर घोड्याचे केस सापडले म्हणतात, तर तो कोट कोणी, केव्हा, कसा हाताळला? अक्षर ओळखणाऱ्या तज्ज्ञाची मते याआधी खोटी ठरली होती काय? अशा एकेका पुराव्याला त्यांनी हात घातला. जानेवारी १९०७ मध्ये 'डेली टेलिग्राफ'मध्ये त्यांनी लेख लिहिले आणि ते कोणीही फुकट पुनर्मुद्रित करावेत अशी मुभा दिली.

देशभर खळबळ झाली. सरकारला समिती नेमावी लागली. मे १९०७ मध्ये जॉर्ज जनावरांच्या गुन्ह्यातून निर्दोष ठरला. मात्र काही निनावी पत्रे त्यानेच लिहिली असे म्हणून त्याला नुकसानभरपाई नाकारण्यात आली. डॉईल यांना याचा संताप आला. पुढे वकिलांच्या संस्थेने जॉर्जला पुन्हा वकिली करू दिली. डॉईल यांच्या दुसऱ्या विवाहाच्या समारंभाला १९०७ साली जॉर्ज पाहुणा म्हणून हजर होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी अपिलाचे न्यायालय स्थापन झाले. त्यामागे जी प्रकरणे होती त्यांत एदलजी प्रकरण महत्त्वाचे मानले जाते.

आता थोडे घरचे. मी बारावीत असताना जवळच्या एका विहिरीवरची मोटारीची केबल चोरीला गेली. वडील त्या रात्री मैलभर दूर दुसऱ्याच्या उसाची राखण करीत होते. सकाळी त्यांना चौकीत नेले आणि तीन दिवस बसवून ठेवले. ते रात्री कोठे होते, हे मळ्याच्या मालकाला कोणी विचारले नाही. विहिरीजवळच्या चिखलात चारचाकी गाडीच्या चाकांचे माग होते, हे वडिलांनी सांगितले, तेही कोणी ऐकले नाही. चौथ्या दिवशी माल दुसरीकडे सापडला आणि वडिलांना घरी जायला सांगितले. त्यापलीकडे कोणी एक शब्द बोलले नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो पुढे मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि आमच्या समाजाचे नाव त्यात चढले. सोलापुरात अजून एका भागाला 'सेटलमेंट' म्हणतात ते त्या काळामुळेच. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पण पाहणाऱ्याच्या नजरेतून तो अजून पुरता गेलेला नाही. जॉर्ज एदलजी वकील होता, त्याच्यासाठी डॉईल आले. ज्यांच्यासाठी कोणी येत नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न मला त्या तीन दिवसांपासून पडलेला आहे.

डॉईल सर्वस्वी निर्दोष होते असे मात्र मी म्हणणार नाही. 'द साइन ऑफ फोर' या १८९० च्या कादंबरीत अंदमानातील आदिवासी माणसाचे त्यांनी जे चित्र काढले आहे, ते वाचताना मला त्रास झाला. तेथे त्यांनी माणूस पाहिला नाही, जात पाहिली. तसेच, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली मुलगा किंग्जली वारल्यावर ते मृतात्म्यांशी संवादाच्या मार्गात अधिकच ओढले गेले. दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्यांनी खरी मानली आणि १९२२ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्या पऱ्या कागदाच्या होत्या, हे त्या मुलींनी म्हातारपणी, १९८३ साली कबूल केले. पुराव्याचा एवढा आग्रह धरणारा माणूसही मनाला हवे ते दिसू लागले की फसतो. हाही धडाच आहे.

तरीही त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. ऑस्कर स्लेटर या जर्मन ज्यू माणसाला ग्लासगोमधील एका खुनाच्या आरोपावरून १९०९ साली शिक्षा झाली होती. त्याच्यासाठी डॉईल यांनी १९१२ साली पुस्तिका लिहिली आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. १९२७ साली स्लेटर सुटला आणि १९२८ साली त्याची शिक्षा रद्द ठरली. दोन वर्षांनी, ७ जुलै १९३० रोजी, डॉईल यांचे क्रोबरो येथील घरी निधन झाले.

आपल्या मराठीतही रहस्यकथेचा मोठा वाचकवर्ग होता. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार घराघरांत पोहोचला होता. होम्सच्या कथा भालबा केळकरांनी मराठीत आणल्या आहेत. रहस्यकथा म्हणजे वेळ घालवण्याचे साधन, असे काही जण मानतात. मला तसे वाटत नाही. संशय घेणे सोपे असते आणि सिद्ध करणे कठीण असते, हे इतक्या गोडीने शिकवणारे दुसरे वाङ्मय मी तरी वाचलेले नाही.

दिवाळीच्या सुटीत 'स्पेकल्ड बँड' ही कथा मी वडिलांना आमच्या पारधी बोलीत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत मन लावून ऐकली. मग त्यांनी विचारले की, खरा दोषी कळल्यावर त्या पालातल्या लोकांना कोणी जाऊन सांगितले का? मी रात्री पुन्हा पुस्तक उघडून पाहिले. कथेत त्याचा उल्लेख नाही.

पुस्तक आता ग्रंथालयात परत केले आहे. ज्यांना वाचायचे असेल त्यांनी जरूर न्यावे. फक्त एस.टी.त वाचताना आपले ठिकाण चुकणार नाही, याची काळजी घ्यावी.